कंडक्टरची जागा

तो आला तो रस्ता विचारायला. त्याचा कुत्रा मात्र आला तो थेट माझ्या झेंडूत.

नवरात्राच्या तोंडावरचे दिवस होते. फाटकाजवळ ताडपत्री अंथरून मी फुलं निवडत बसले होते. टपोरं फूल इकडे, बारकं तिकडे. तेवढ्यात एक पांढरी व्हॅन येऊन थांबली. व्हॅन कसली, चाकांवरचं घरच ते. टपावर सोलरची प्लेट, मागच्या खिडकीला निळा पडदा, आरशावर वाळत घातलेला टॉवेल. आणि पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, एक तपकिरी गावठी कुत्रा माणसासारखा ताठ बसलेला. एक कान उभा, एक पडलेला.

"म्याडम, मालखेडले हाच रस्ता जाते का?"

मी मान वर करते तोवर कुत्र्यानं खिडकीतून उडी घेतली, ढिगात तोंड खुपसलं आणि चारही पाय वर करून असा लोळला, की जणू ताडपत्री त्याच्याचसाठी अंथरली होती.

"कंडक्टर! ए कंडक्टर, उठ. उठ बाप्पा..." तो माणूस धावत खाली उतरला.

"कंडक्टर?" मी रागातसुद्धा विचारलंच.

"नाव हाय त्याचं."

"नाव कंडक्टर, अन् उतरते बिनतिकिटवाल्यासारखा खिडकीतून."

तो हसला. हसताना त्यानं खाली पाहिलं, आणि पाहता पाहता गुडघ्यावर बसून चेंगरलेली फुलं वेचायलाही लागला. "भरपाई म्हून माळा ओवून देतो," तो म्हणाला. "सुई चालवता येते मले."

"ट्रकची ताडपत्री शिवायची असन."

"माणसाची बी येते."

माणसाची सुई कोणती, ते मी विचारलं नाही. तो मालखेडला गेलाच नाही, हे मात्र मला संध्याकाळी कळलं. तेव्हा त्याची व्हॅन आमच्या तळ्याकाठी, बाभळीखाली, खुंट्याला बांधल्यासारखी उभी होती.

आमचं तळं चांदूर रेल्वेच्या अलीकडे. पिढ्यान् पिढ्या आम्ही माळी लोक, फुलं लावायची आणि अमरावतीच्या बाजारात पोचवायची. पण तळ्याला लागून जो उतार आहे, तिथं काही पिकत नाही. तिथं बाबांनी तंबू ठोकले. फाटकावर पाटी लावली: 'कुत्र्यांसह मुक्काम'. पहिल्यांदा गावानं हसून घेतलं. मग नागपूरहून, अकोल्याहून लोक यायला लागले. गुबगुबीत लॅब्राडोर, केस विंचरलेली पांढरी पिल्लं, आणि त्यांच्यामागे दमलेली त्यांची माणसं. दोन दिवस राहायची, कुत्र्यांना तळ्यात डुंबवायची, शेकोटीवर भरीत भाजायची, जायची.

माझे बाबा, खुशालराव, येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालतात. बैलजोडी विकली तेव्हापासूनची ही खोड. पोळ्याला सजवायला दावणीत कुणी उरलं नाही आणि हात तर सजवायला शिवशिवतात, मग काय करणार. कंडक्टरच्याही गळ्यात त्यांनी माळ घातली. त्यानं ती तिथल्या तिथं खाल्ली.

"चव समजते याले," बाबा म्हणाले, आणि दुसरी घातली.

तर असे लोक यायचे, जायचे. आणि माझा एक नेम होता. जाणाऱ्याला 'पुन्हा कधी?' म्हणून विचारायचं नाही. तळ्याकाठी राहणाऱ्यानं पाण्याला 'परत कधी?' म्हणून विचारू नये, तसं. विचारलं की वाट पाहणं आलं, आणि वाट पाहायला लागलं की तंबूंच्या दोऱ्यासुद्धा ढिल्या वाटायला लागतात.

त्याचं नाव जीवन. घर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. काम सौरपंप बसवायचं. ज्या तालुक्यात पंप मंजूर होतील, तिथं व्हॅन न्यायची, गावं संपली की पुढचा तालुका. सकाळी निघायचा, दिवसभर भातकुलीकडच्या, चांदूरकडच्या शेतांत पंप बसवायचा आणि दिवेलागणीला परतायचा. यायचा तो हात धुऊन सरळ आमच्या ओसरीवर, सुई मागायला.

खरंच ओवायचा. माझी आई, वच्छला, माळा ओवताना गुणगुणते. तिच्या ओळी तिच्याच असतात. त्या दिवशीही गुणगुणत होती...

*तळ्याच्या पान्याले बाई एक जागा नाई,*
*येते जाते वारा, त्याले निजूच देत नाई...*

"काकू, हे माह्यावर हाय का?" जीवननं विचारलं.

"मी पान्यावर म्हणून राहिली, बाप्पा. तुमाले लागलं का?"

आई माळ उचलून आत गेली. जाताना हसत होती, हे मला तिच्या पाठीवरूनही दिसलं.

"हा कंडक्टर कुठचा?" मी विषय बदलला.

"अकोल्याच्या स्टँडवरचा. रोज एका बसमध्ये चढून बसे. माहे बाबा एसटीत कंडक्टर. त्याले उतरवून उतरवून थकले, मंग घरी घेऊन आले. ड्युटीवर बी संग नेत." त्यानं दोरा दातानं तोडला. "बाबा रिटायर झाले, हा नाई झाला. बाबानं शिकवलेलं सारं अजून ध्यानात हाय त्याच्या."

"अन् तुमाले काय शिकवलं बाबानं?"

"पुढं सरका म्हणाले."

तो हे हसत म्हणाला. पण सुई हातातच राहिली, आणि फूल काही ओवलं गेलं नाही.

ती पुढची सीट म्हणजे कंडक्टरची सत्ता होती. एकदा बाबांना चांदूरला सोडायचं होतं, तर कुत्रा तसूभर हलला नाही. माझे बाबा, पंचक्रोशीत मान असलेला माणूस, मागे गॅसच्या टाकीवर बसून गेले. "आमी कायले रागावतो," ते आल्यावर म्हणाले, "रिझर्वेशन त्याचं होतं."

आणि एकदा नागपूरच्या पाहुण्यांचा भला मोठा लॅब्राडोर कंडक्टरवर गुरगुरत धावून आला. मी काठी शोधायला वळले. जीवन जागचा हललासुद्धा नाही. त्यानं फक्त व्हॅनच्या दाराच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं वाजवलं, टक् टक्. डोळ्याचं पातं लवायच्या आत कंडक्टर गाडीत, आपल्या जागेवर, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं. मी पाहिलं, आणि विसरून गेले. काही गोष्टी आपण पाहतो त्या नंतर समजण्यासाठी.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी परतीच्या पावसानं गाठलं. आम्ही दोघं फुलांचे क्रेट तंबूत ओढत होतो, तर आभाळ एकदम खाली उतरलं. तंबूच्या झापेखाली उभे राहिलो. मध्ये कंडक्टर, ओला, उकडलेल्या शेंगांसारखा वास मारत.

पाण्यावर पाऊस पडत होता. थेंब पडला की गोल उमटे, गोल विरे, आणि त्याच जागी दुसरा. कुठं हात ठेवावा कळत नव्हतं. ओढणी पिळली, परत पिळली. तिच्यात पाणी उरलंच नव्हतं.

"थंडी वाजून राहिली का?" त्यानं विचारलं.

"नाई."

"मंग ओढणीनं काय बिघडवलं तुमचं?"

मी ओढणी सोडली. त्याच्या केसांतून एक पाकळी गालावर घसरली होती, केशरी, चिकटलेली. मी बोट पुढे केलं... आणि मध्येच वळवून कंडक्टरच्या डोक्यावर ठेवलं.

"पाकळी हाय," मी म्हणाले. "तुमच्या गालावर."

"असू द्या," तो म्हणाला.

त्यानं ती पुसली नाही. पाऊस थांबला, तो व्हॅनकडे गेला, तरी ती तिथंच होती.

दसरा झाला. फुलं गेली, सोनं वाटून झालं. इकडची गावंही संपली. "उद्या निघतो," जीवन म्हणाला. "मेळघाटात, धारणीकडे काम लागलं."

मी "बरं" म्हणाले. माझा नेम होता ना. रात्रभर मात्र माझी कूस काही एका जागी ठरली नाही.

सकाळी व्हॅन सुरू झाली, आणि कंडक्टर उतरून शेवंतीच्या वाफ्यात जाऊन बसला. जीवननं शीळ घातली. नावानं बोलावलं. बिस्कीट दाखवलं. बापाची शपथ घातली. कुत्र्यानं जांभई दिली.

"उचलून ठेवा की," मी म्हणाले.

"उचललं तर चावते."

"इतका गरीब कुत्रा?"

"गरीबच चावते." त्यानं गाडी बंद केली. "आज जात नाई म्हणते हा. काय करता."

दुसऱ्यांदा व्हॅन फाटकापर्यंत गेली. कंडक्टर मागे धावला, फाटकात आडवा झाला, आणि पोट उन्हाला लावून झोपला. "कुत्र्यानं ठरवलं म्हणजे झालं," बाबा म्हणाले आणि चहा टाकायला सांगितला. तिसऱ्या वेळी तर जीवननं पडदे धुऊन, भांडी बांधून, सगळ्यांच्या पाया पडून निरोप घेतला, आणि जेवायच्या वेळेला परत आमच्याच पाटावर बसलेला. धारणीहून साहेबाचे फोन येत होते. तो ओसरीच्या टोकाला जाऊन हळू बोलायचा, "सर, कुत्रा ऐकून नाई राहिला..."

आणि मी? मी सकाळी उठले की आधी बाभळीखाली पाहायची. पांढरं दिसलं की जीव भांड्यात, आणि लगेच स्वतःचीच लाज. एका मुक्या जनावराच्या हट्टावर मी टेकून उभी होते. तो उद्या उठला, शेपूट हलवून गाडीत बसला तर? मग माझं काय होतं या गाडीत? कुणीच तर थांबलं नव्हतं माझ्यासाठी. कुत्रा थांबला होता, फुलांसाठी. मी त्याला चोरून भाकरी घालायला लागले, तूप लावून. स्वतःवर चिडायची आणि आणखी तूप लावायची.

"पनू," आई म्हणाली; प्रणालीची तिनं केव्हाच पनू केली होती. "कुत्र्याले एवढं तूप चालत नाई. ज्याले घालायचं त्याले घाल."

मी तिच्याकडे पाहिलंच नाही.

कोजागिरीला आमच्या तळ्यावर भुलाबाई असते. गावात पोरी महिनाभर मांडतात. आमच्याकडे शेवटचा दिवस. चंद्र उगवता उगवता वस्तीवरच्या बायापोरी येतात, ज्वारीच्या धांड्यांच्या मखराखाली मातीचे भुलाबाई-भुलोजी, म्हणजे पार्वती-शंकर, बसवतात, गाणी होतात, आणि मग खाऊ ओळखायचा. डबा बंद. हलवायचा, कान लावायचा, नाव सांगायचं. ओळखलं नाही तोवर कुणाला काही मिळत नाही.

त्या संध्याकाळी मुक्कामाचे पाहुणेही गोलात बसले होते. कुत्री आपापल्या माणसांना टेकून. कंडक्टर माझ्या पायाशी. जीवन समोर, भुलोजीच्या बाजूला. दुधाचं पातेलं शेकोटीवर.

आईनं डबा आणला. स्टीलचे डबे आहेत घरात, पण भुलाबाईला ती तिच्या माहेरचा जुना पत्र्याचाच डबा काढते. तिनं तो खळखळ हलवला. "ओळखा वो, काय हाय?"

"शेंगदाणे," वस्तीवरच्या पार्बताबाई म्हणाल्या.

"तुमाले दरसाली शेंगदाणेच आयकू येते."

"करंजी," कुणीतरी म्हणालं. "साखरफुटाणे." "गोटे," बाबा लांबून म्हणाले.

"जीवनभाऊ, तुमी सांगा."

"काकू, मले वाटते... नटबोल्ट."

सगळे हसले. गलका वाढला. आईनं गप्प करायला डबा मांडीवर धरला, आणि बोटातल्या अंगठीनं झाकणावर वाजवलं.

टक् टक्.

माझ्या पायाशी झोपलेला कंडक्टर ताडकन उठला. गोलातून, दोन पाहुण्यांच्या डोक्यांवरून, दुधाच्या पातेल्याला वळसा घालून धावला आणि उघड्या दारातून व्हॅनमध्ये. पुढच्या सीटवर. ताठ. समोर पाहत. गाडी निघायची वाट बघत.

लोकांना वाटलं, डब्याला घाबरला. हसून हसून पुरेवाट झाली. हसलो नाही ते आम्ही दोघंच. मी जीवनकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता, आणि शेकोटीच्या उजेडात त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

मी उठून पाण्याकडे गेले. मागे आईचा आवाज येत होता, "चिवडा वो बायांनो, चिवडा..."

चंद्र नुकता वर आला होता आणि तळ्यात त्याचे तुकडे तुकडे होऊन हलत होते. एक तुकडा जागेवर राहील तर शप्पथ. थोड्या वेळानं चपलांचा आवाज आला, थांबला.

"डबल बेल," मी न वळता म्हणाले. "एसटीची. दोनदा वाजली की गाडी निघाली. बाबानं शिकवलेलं हेच का?"

"हाव."

"अन् ह्या तीन वेळा शीळ घातली, बिस्कीट दाखवलं, शपथा घातल्या..."

"बेल नाई दिली."

"चावते म्हणत होते."

"जन्मात चावला नाई." तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला, पण मध्ये एका कुत्र्याएवढी जागा सोडून. "हात वर जाये, प्रणाली. खरंच जाये. पत्र्यापर्यंत जाये. मंग तुमी वाफ्याच्या कडेले उभ्या दिसा, अन् बोटं वाजतच नव्हते."

"सांगतलं नाई काहून?"

"काय सांगू? आज धारणी, उद्या दिग्रस, परवा कुठं ते मलेच ठाव नाई. माह्या घराले चाकं हायेत. असा माणूस कोनाले काय सांगन? म्हून कुत्र्याच्या नावावर थांबलो."

हेच काम तर मी करत होते, कुत्र्याच्या नावावर तूप लावायचं.

"मी कुठं म्हटलं, एका जागी राहा?" शेवटी मी म्हणाले. "मी सारा जन्म लोकाईले जाताना पाहिलं. जाणाऱ्याचं मले भेव नाई. पण एकदा बी कोनाले विचारलं नाई..."

"काय?"

शब्द ओठांपर्यंत आला. पाण्यातल्या चंद्रासारखा हलला, आणि फुटला. तेवढ्यात आईनं दूध घ्यायला हाक मारली. जीवन हळू म्हणाला, "उद्या जा लागते. साहेबानं शेवटचं सांगतलं. उद्या वाजवतो बेल."

त्या रात्री आई भांडी आवरता आवरता गुणगुणत होती, मला ऐकू येईल एवढ्यानं...

*काठाच्या मातीले ठावं पान्याचं गं मन,*
*जाते तेबी येन्यासाठी, ओली ठेवते खूण...*

सकाळी धुकं तळ्यावर बसलेलं. व्हॅन सुरू होती, पडदा बांधलेला. बाबांनी कंडक्टरच्या गळ्यात ताजी माळ घातली होती, आणि ती अजून खाल्लेली नव्हती. तो वाफ्याच्या कडेला उभा, एकदा धन्याकडे पाही, एकदा माझ्याकडे.

जीवन दाराशी गेला. हात वर केला. बोटाचं पेर पत्र्यापासून तांदळाएवढं दूर... आणि तिथंच राहिलं. त्याची पाठ मला दिसत होती. श्वास घेतल्यासारखी वर गेली, खाली आली. हात काही पुढे जाईना.

मी चालत गेले. त्याच्या खांद्याजवळून हात पुढे काढला आणि दारावर वाजवलं, टक् टक्.

कंडक्टर एका उडीत आत.

जीवननं वळून माझ्याकडे पाहिलं. चेहरा उतरला होता. "तुमी वाजवली," तो म्हणाला.

"वाजवली. कंडक्टरनं शिकवलेलं हाय." मी माझा क्रेट उचलला. शेवंतीचा पहिला तोडा होता, पहाटेच काढलेला. "अमरावतीच्या बाजारात टाकायचा हाय. तुमच्या रस्त्यातच पडते. तिथून मी एसटीनं वापस येते."

"अन् मी?"

नेम पोटातल्या पोटात तुटला. आवाज झाला नाही. तुटताना उलट हलकं वाटलं.

"तुमी वापस कधी येसान?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा, जाणाऱ्या माणसाला.

त्याला हसू आधी आलं, ओठांवर मावेना, मग शब्द.

"दिवाळीच्या फुलाईले माणूस लागन का?"

"लागन. सुई चालवता येणारा."

"माणसाची?"

"माणसाचीच. अन् तवा बाबासंग बोलाचं. गॅसच्या टाकीवर बसवल्याची माफी आधी, बाकीचं मंग."

ओसरीवरून बाबा ओरडले, "माफी मी दिली केव्हाची. बाकीचं बोला लवकर." आईनं त्यांना आत ओढलं.

मी क्रेट मागे ठेवला आणि टाकीवर बसायला पाय उचलला. बाबा बसले तिथंच, दुसरी जागा होती कुठं. पण पुढून खसखस आवाज झाला. कंडक्टर उठला होता. त्यानं जीवनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, अगदी हिशेब तपासावा तसं. मग सीटवरून उतरला, माझ्या पायांना घासत मागे आला, आणि क्रेटला टेकून, शेवंतीत नाक घालून बसला.

पुढची सीट रिकामी होती. अजून गरम होती.

"बसा," जीवन म्हणाला. "त्यानं सोडली."

मी बसले. तळं आरशात मागे मागे जायला लागलं, तसंच हलणारं, कुठं एका जागी न थांबणारं. मागे कुणीतरी माळ खायला सुरुवात केली होती.